बॉनेटवरचे अण्णा

माझ्या वडिलांच्या फोटोला चंदनाचा हार घातलेला होता, आणि माझे वडील माझ्या शेजारी उभे राहून तिखटमीठ लावलेली काकडी खात होते.

"त्रिशला, बॉनेटवर कुणाचा फोटो ठेवलाय गं?" त्यांनी विचारलं. काचबिंदूनं त्यांचा डावा डोळा केव्हाच गेला होता. उजव्याचंही काही खरं नव्हतं. दहा हातांवरचं सगळं त्यांना धुक्यातनं बघितल्यासारखं दिसायचं.

मी काय सांगणार, कपाळ? समोर आमची काँटेसा गाडी उभी होती. आमची म्हणजे दोन वर्षांपूर्वीपर्यंतची. काळ्या रंगाची, लांबलचक नाकाची, अशी चकाचक की तिच्यात बघून भांग पाडावा. बॉनेटवर अण्णांचा फोटो, त्याच्यापुढं पितळी समई, समईत वात पेटलेली, खाली गुलाबाच्या पाकळ्या. मागं माणसाएवढा बोर्ड. त्यावर लिहिलेलं: 'स्व. भूपालअण्णा मगदूम यांच्या पवित्र स्मृतीस. अखेरच्या क्षणी अण्णांनी मला उशाशी बोलावलं, थरथरत्या हातानं किल्ली दिली आणि म्हणाले, पोरा, हिचा आवाज बंद पडू देऊ नकोस.' खाली नाव, इंद्रजित खराडे.

अखेरच्या क्षणी म्हणे! माणूस काकडी खातोय.

मी सरकारी दवाखान्यात नर्स होते. चिघळलेली गळवं, अळ्या पडलेल्या जखमा, काय काय साफ केलंय या हातांनी. ड्यूटी संपली की हात धुऊन निवांत डबा खायचे. किळस म्हणून कशाची वाटली नाही कधी. पण त्या दिवशी कोल्हापुरात, त्या गाड्यांच्या प्रदर्शनात, भर अकरा वाजता उन्हात उभी असताना मला किळस आली. आज त्याला बरीच वर्षं झाली. अजून कुणी काळी चकचकीत गाडी पुसत असलं की मला तोंडात आंबट पाणी येतं.

अण्णांची जयसिंगपुरात शेंगतेलाची गिरण होती. गिरण चालली तसं घर चाललं, पण जीव होता तो गाडीवर. आई म्हणायची, "मला कधी वळून बघितलं नाही एवढं त्या गाडीकडं बघतात." ते खरंच होतं. गाडी शेडमध्ये लावून चार पावलं गेले की अण्णा मागं वळून बघायचे. इंजिन चालू केलं की लगेच निघायचे नाहीत. मीटरचे काटे हळूहळू वर चढायचे ते बघत बसायचे. आम्ही मागच्या सीटवर घामाघूम. "थांबा की गं, तिला जागी तर होऊ दे," असं म्हणायचे.

डोळा गेला आणि गाडी चालवणं बंद झालं. मी चालवायला शिकले नव्हते आणि भाऊ नाही. गाडी शेडमध्ये गंजणार, याचं अण्णांनी इतकं मनावर घेतलं की जेवण कमी झालं त्यांचं. तेवढ्यात हा इंद्रजित आला. तिशीतला, कोल्हापूरचा, पेढे घेऊन. वाकून पाया पडला. "काका, मी हिला शोभेची करून ठेवणार नाही. मी हिला पळवणार. आणि तुम्हाला कधीही वाटलं तर या, बसा, चालू करा. तुमचीच आहे." अण्णांनी हसत हसत किल्ली दिली. दुसरं कुणी गिऱ्हाईक आलं होतं, त्यानं जास्त पैसे देऊ केले होते, त्याला नाही म्हणाले.

त्यानंतर इंद्रजित अण्णांच्या मोबाईलवर फोटो पाठवायचा. गाडी पंचगंगेच्या घाटावर, गाडी उसाच्या फडापुढं, गाडी धुक्यात, गाडीच्या मागनं धुरळा उडतोय. एवढे फोटो तर स्वतःच्या लेकराचे कुणी काढत नसेल. अण्णा मोबाईल उजव्या डोळ्याला चिकटवून बघायचे आणि मला म्हणायचे, "पळवतोय बघ. शब्दाचा पक्का आहे पोरगा."

मग डॉक्टरांनी सांगितलं, उजव्या डोळ्याची आशा फार धरू नका. थोडे महिने. अण्णा घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "एकदा तिच्यात बसतो. चालू करतो आणि काटे वर चढताना बघतो. मग गेला डोळा तर जाऊ दे."

मागणं केवढं? एवढंसं. पण इंद्रजितला फोन केला की गाडी पॉलिशला असायची, नाहीतर तो बाहेरगावी असायचा, नाहीतर "पुढच्या आठवड्यात नक्की, काका". असं करत करत अर्धा उन्हाळा गेला. एक दिवस पेपरात प्रदर्शनाची चौकट दिसली. काळ्या काँटेसाचा फोटोच होता त्यात. अण्णा म्हणाले, "आता कुठं जाईल? एसटीनं जाऊ."

म्हणून आम्ही गेलो. त्याला न कळवता.

"अगं सांग की, कुणाचा फोटो?" अण्णांनी पुन्हा विचारलं आणि उत्तराची वाट न बघता चालायला लागले. गाडीपाशी जाऊन वाकले, नाक काचेला लागेल इतके. बराच वेळ बघितलं. मग बोर्डापाशी गेले आणि एकेक ओळ बोट धरून वाचली.

"हा तर मी आहे," ते म्हणाले.

"हो."

"मला मारलं की गं यानं."

"तुम्ही चला. इथं थांबायचंच नाही."

तेवढ्यात इंद्रजित आला. अंगात गाडीचंच चित्र छापलेला टीशर्ट, डोक्यावर गॉगल, हातात मऊ फडकं. गळ्यात कॅमेरा. अण्णांना बघितलं आणि गड्याचं तोंड पांढरंफटक पडलं.

"काका! तुम्ही इथं?"

"वर जागा नव्हती," मी म्हटलं. "परत पाठवलं."

सवयीनं तो पटकन वाकून पाया पडला. निर्लज्जपणाला काही सीमा! मागं समई पेटलीय आणि हा जित्या माणसाच्या पाया पडतोय.

"ताई, जरा हळू बोला," तो इकडंतिकडं बघत म्हणाला. "तुम्ही समजताय तसं नाही. ही 'आठवणीतली गाडी' अशी स्पर्धा आहे. नुसतं 'विकत घेतली' असं लिहिलं तर कोण बघणार? गाडीमागं माणूस लागतो, भावना लागते. लोक वाचून रडतात हो, खरंच सांगतो."

"माझा बाप मेला म्हणून रडतात ना?"

"काकांबद्दल आदरच आहे माझ्या मनात. मोबाईलवर गाडीचं पेज आहे माझं, तिथं विचारा कुणालाही. त्यांच्या वर्षश्राद्धाला मी गाडीला फुलांची सजावट केली होती. हजारो लोकांनी श्रद्धांजली वाहिली."

यानं माझ्या बापाचं वर्षश्राद्ध घातलं होतं आणि वर ते कौतुकानं सांगत होता.

अण्णांचं आमच्या बोलण्याकडं लक्ष नव्हतं. ते गाडीच्या दारावरनं हात फिरवत होते. इंद्रजितनं लगेच पुढं होऊन त्यांच्या बोटांचे ठसे फडक्यानं पुसून काढले. अण्णांचा हात पुढं, मागनं याचं फडकं.

"इंद्रजित," अण्णा म्हणाले, "मला एकदा चालू करायचीय."

"करू की काका. फक्त परीक्षक होऊन जाऊ देत. दोन गाड्या झाल्या की इकडंच येतायत." मग त्यानं आवाज एकदम बारीक केला. "काका, एक विनंती होती. आता बोर्ड छापून झालाय. त्यांनी विचारलं तर तुम्ही... म्हणजे भाऊ म्हणून सांगाल का? अण्णांचे धाकटे भाऊ."

"लाज वाटते का रे तुला?" मी ओरडलेच.

अण्णांनी माझा हात दाबला. "त्यानंतर चालू करायला देणार?"

"शंभर टक्के देणार."

"मी बसणार. मी किल्ली फिरवणार."

"तुमचीच आहे, काका."

"मग सांगतो," अण्णा म्हणाले.

मला वाटलं होतं ते त्याच्या कानाखाली जाळ काढतील. गिरणीत मापात मारणाऱ्या हमालाला त्यांनी एकदा पायरीवरनं खाली ढकललं होतं. आणि इथं माझा तो बाप, खोटं बोलायला तयार होऊन, रुमालानं काकडीचं तिखट पुसत उभा होता. इंद्रजितची किळस आली होतीच. त्या घटकेला अण्णांचीही आली, उगीच कशाला लपवू?

परीक्षक म्हणजे फोटो स्टुडिओवाले बागल सर होते. पांढरी सफारी, हातात कागद जोडलेली फळी, मागं माईकवाला आणि बघ्यांचा घोळका. बागल सरांनी बोर्ड वाचला, चष्मा काढला आणि समईला नमस्कार केला.

"बॉनेट उघडून दाखवता का?" घोळक्यातल्या एकानं विचारलं.

"अण्णांचा फोटो आहे हो त्याच्यावर," इंद्रजित हात जोडून म्हणाला. "समई तेवती आहे. कशी हलवू?"

लोकांनी माना डोलावल्या. बागल सर म्हणाले, "नको नको. राहू दे." मग त्यांनी अण्णांकडं बघितलं. "हे कोण?"

"अण्णांचे भाऊ," इंद्रजित म्हणाला. "खास जयसिंगपूरहून आलेत."

माईक अण्णांच्या तोंडापुढं आला.

"दोन शब्द बोला, काका. कसे होते अण्णा?"

अण्णांनी घसा खाकरला. "बरा होता," ते म्हणाले. लोक जरा हसले. "तसा तापट होता. गाडीवर लई जीव. बायको बाळंतपणाला गेली तरी हा शनिवारी गाडी धुऊन मगच भेटायला गेला. चुकलंच त्याचं ते." मी खाली बघायला लागले. ती शनिवारची मुलगी मीच. "डोळे गेले म्हणून गाडी दिली. दिल्यावर शेड मोकळी पडली. खाली फरशीवर तेलाचा डाग राहिला होता. तो पुसू देत नाही कुणाला. रोज सकाळी जाऊन त्या डागापाशी उभा राहतो... राहायचा."

हे मला माहीत नव्हतं. सकाळी शेडकडं जातात ते मला वाटायचं दात घासायला जातात.

माईकवाल्यानं नाक पुसलं. बागल सरांनी तिथंच उभ्या उभ्या जाहीर करून टाकलं, पहिला नंबर इंद्रजित खराडेंच्या काँटेसाला. टाळ्या पडल्या. इंद्रजितनं अण्णांना कवेत घेतलं, कॅमेऱ्याकडं तोंड करून. एक फोटो झाला. मग दुसऱ्या बाजूनं पुन्हा कवेत घेतलं, कारण पहिल्यात म्हणे गाडीचा लोगो झाकला गेला होता.

"आता बसतो," अण्णा म्हणाले.

"काका, आता गर्दी आहे. संध्याकाळी..."

"बसू द्या की त्यांना!" बागल सर म्हणाले. "वा! भावाच्या गाडीत भाऊ. या, या, हा फोटो मी स्वतः काढतो."

इंद्रजितचा नाइलाज झाला. त्यानं दार उघडलं, सीटवर टॉवेल अंथरला, वर आणखी एक टॉवेल अंथरला आणि अण्णांना आत बसवलं. हातात किल्ली दिली. "नुसती हातात धरा हं, काका. फोटोपुरती. फिरवू नका."

मी खिडकीपाशी होते. अण्णांनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. पुढं वाकून मीटरच्या काचेला उजवा डोळा जवळजवळ टेकवला. दोन वर्षांत त्यांचं तोंड इतकं निवांत मी बघितलं नव्हतं. खरंच सांगते, क्षणभर मला वाटलं, जाऊ दे, बोलू दे खोटं, एवढं मिळालं ना.

त्यांनी किल्ली लावली आणि फिरवली.

काहीच झालं नाही. घरघर नाही, टिकटिक नाही. काटे होते तिथंच पडून राहिले.

"काका, नको ना," इंद्रजित बाहेरनं म्हणाला.

अण्णांनी पुन्हा फिरवली. मग गाडी बंद पडली की आयुष्यभर जे करत आले तेच त्यांनी केलं. हात आपोआप स्टिअरिंगखाली गेला आणि बॉनेटची कळ ओढली गेली.

खट्‌ झालं. बॉनेट उसळलं आणि फोटो घसरला. समई कलंडली, तेल काळ्या रंगावरनं ओघळलं आणि फोटो दगडावर पडून काच फुटली. "अरेरे! अण्णांचा फोटो!" म्हणत चारपाच जण फोटो उचलायला धावले. जित्या अण्णांकडं कुणी बघेना. ते गाडीतनं उतरले, चाचपडत पुढं आले, फटीत बोटं घातली आणि बॉनेट वर केलं.

आत इंजिन नव्हतं. आतली रिकामी जागा बाहेरच्यासारखीच चकचकीत काळी रंगवलेली होती. एका कोपऱ्यात दिव्यांपुरती बॅटरी, पॉलिशचे डबे, मळकी फडकी, पाण्याच्या बाटल्या आणि चिवड्याचं अर्धं पाकीट.

अण्णांनी आत हात घातला. त्यांना नीट दिसत नव्हतं म्हणून ते हातानं शोधत होते. इकडं चाचपलं, तिकडं चाचपलं. फडकं हाताला लागलं, ते बाजूला केलं. पुन्हा शोधायला लागले. मला बघवेना.

"अण्णा, नाही तिथं काही," मी म्हटलं.

"कुठं आहे?" त्यांनी इंद्रजितला विचारलं.

"उतरवलं, काका. तुमच्याकडनं नेली त्याच महिन्यात. एकाला वाळू उपसायच्या बोटीला हवं होतं, त्याला देऊन टाकलं." तो फडक्यानं तेल पुसता पुसता बोलत होता. "गाडी उचलून आणतो मी, ट्रकवरनं. खरं सांगू का, फोटोला इंजिन लागत नाही."

"मग फोटोत धुरळा उडायचा तो?"

"पोरं मागनं माती उधळतात."

मग मी नाही गप्प बसले. फुटका फोटो ज्याच्या हातात होता त्याच्याकडनं हिसकावून घेतला आणि बागल सरांच्या पुढं धरला. "सर, हा बघा फोटो आणि हे बघा माझे वडील. हेच भूपालअण्णा मगदूम. जिवंत आहेत. या माणसानं त्यांना मारलं, त्यांचं वर्षश्राद्ध घातलं, आणि गाडीसुद्धा मेलेली आहे. नंबर कसला देताय?"

बागल सर गोंधळले. एकदा फोटोकडं बघितलं, एकदा अण्णांकडं. "ताई, सख्खे भाऊ सारखे दिसणारच की," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "आणि इंजिनाचं म्हणाल तर स्पर्धा आठवणीची आहे. तुमची मनःस्थिती कळते मला."

"कुणीतरी पाणी द्या त्यांना," मागनं कुणीतरी म्हणालं. दोन पोरं मोबाईल वर धरून माझं शूटिंग करत होती.

"मग त्यांनाच विचारा!"

बागल सर अण्णांकडं वळले. "काका, तुम्ही सांगा. तुम्ही भाऊ ना?"

इंद्रजितच्या हातातलं फडकं थांबलं. मी मनात म्हणत होते, बोला अण्णा, आता बोला, फोडा एकेकाचं तोंड.

अण्णांनी हात बॉनेटमधनं बाहेर काढले. धोतराला पुसले.

"भाऊच मी," ते म्हणाले. "तो गेला."

इंद्रजितनं एवढा मोठा श्वास सोडला की मला ऐकू आला. लगेच कॅमेरा वर केला आणि म्हणाला, "काका, जरा डावीकडं सरका हं, बोर्ड दिसू दे."

मी अण्णांचा दंड धरला आणि त्यांना अक्षरशः ओढत मैदानाबाहेर आणलं. तोंडाला येईल ते मी बोलत होते. इंद्रजितला, बागलला, फोटो काढणाऱ्यांना, आणि सगळ्यात जास्त अण्णांना. रिक्षात बसल्यावरही थांबले नाही. "दोन शब्द बोलायचे होते फक्त. मी जिवंत आहे, एवढंच. तेवढंही तोंडातनं निघालं नाही? त्या हरामखोराला का वाचवलंत तुम्ही?"

"त्याला कुठं वाचवलं?" अण्णा म्हणाले.

"मग?"

त्यांनी तोंड रस्त्याकडं वळवलं. म्हणजे रस्ता त्यांना दिसत नव्हताच.

"भूपाल मगदूम मीच, असं म्हणालो असतो," ते म्हणाले, "तर लोकांनी विचारलं असतं, असल्या माणसाच्या हातात गाडी दिली कुणी? मग मला सांगावं लागलं असतं."

रिक्षावाल्यानं मागं वळून विचारलं, कुठं घेऊ? मी म्हटलं, स्टँड.